ड्रमचा हुंदका

आमच्या शेजारचा श्रीनिधीअण्णा जुन्या टीव्ही गेमवर गाणी रचायचं सॉफ्टवेअर बनवत होता. तो कॉम्प्युटरवर लिहायचा, मी कॅसेट गेममध्ये घालून तपासायचो. शाळा सोडल्यापासून या एकाच कामात मला कुणी ढ म्हणत नव्हतं.

एकदा दोन सूर एकदम वाजवले, तर ड्रम माणसासारखा हुंदका द्यायला लागला. त्या हुंदक्यावर मी अख्खं गाणं रचलं. अण्णानं ते दोनदा लावून ऐकलं.

“ही खरं तर माझ्या प्रोग्राममधली चूक आहे रे.”

“असू दे की. तिला हात लावू नको. गळ्याशप्पत?”

“गळ्याशप्पत.”

लॅमिंग्टन रोडवरच्या सायबर कॅफेतून त्यानं सॉफ्टवेअर इंटरनेटवर टाकलं आणि संध्याकाळी नवी कॅसेट माझ्या हातात दिली. मी माझं गाणं लावलं. हुंदक्याच्या जागी नुसतं टक् टक्.

माझं डोकंच फिरलं. “शप्पत घेतली होतीस ना!”

“अय्यो, चिडतोस काय? आता जगभरचे लोक वापरणार. चूक कशी ठेवू? आणि हे बघ, सॉफ्टवेअरसोबतच्या नोंदीत तुझं नाव टाकलंय.”

त्यानं कौतुकानं कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली.

‘ड्रममधली चूक काढून टाकली आहे. ती शोधून दिल्याबद्दल सिद्धांतचे आभार.’