तिसरं तळं

"एकेकाचं वजन चांगलं भरलंय," मत्स्य खात्याचे बाइतेके साहेब म्हणाले, "पण मासे कुठंयत?"

तेरेसिया कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभी होती. जाळं पुन्हा रिकामं आलं होतं. होते तेवढे मासे कधीच मोजून, वजन करून टाकीत गेले होते. सोडलेल्या दर तीन माशांतला एक गायब! शेजारच्या दोन तळ्यांत जहाजातून आलेलं परदेशी खाद्य पडत होतं, तिथले जवळजवळ सगळे हजर. फक्त हे तिसरं तळं तिच्या पेंडीवर होतं. बेटावरच्याच खोबऱ्याची पेंड, तिनं स्वतः दळलेली.

"वरची पक्ष्यांची जाळी शाबूत, पाणी सोडायच्या झडपेची जाळी शाबूत," साहेब म्हणाले. "पेंडीला बुरशी धरते, बाई. बुरशी मासे मारते, मेलेले खेकडे खातात, आणि आपण बसतो शोधत."

"प्रत्येक पोतं मी तपासलंय, साहेब."

"मग मासे गेले कुठं?"

मेलेला एक मासा तरी सापडावा, म्हणून ती रोज सकाळी तळ धुंडाळायची.

"दुपारी माझी बोट आहे," साहेब म्हणाले. "तोवर काही सुचलं तर सांग. नाहीतर मी लिहिणार, पेंडीनं मासे मरतात, प्रयोग बंद." आणि ते शेडमध्ये निघून गेले.

प्रयोग बंद म्हणजे सगळंच बंद. जहाज उशिरा आलं की मासे उपाशी, हे गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं होतं. खोबरं मात्र इथं पायाखाली पडलेलं असतं. तेरेसियाला रडू येत होतं, पण मदतीला आलेल्या बायका बघत होत्या, म्हणून तिनं तोंडावर पाणी मारलं.

तेवढ्यात बांधावरून तोआकाई मामा आला. तिच्या आईचा सख्खा भाऊ. डोक्यावर फुलांचं कडं, हातात केवड्याच्या पातीची मोठी टोपली.

"काय गं, मासा चावला का? तोंड बघ कसं झालंय!"

"मामा, आज नको."

"आजच हवं! आज माझ्या नातीला वर्ष पूर्ण होतंय. सगळं गाव पंगतीला बसणार आणि मी काय नारळ फोडून वाढू? मासे दे. मागतोय तुझ्याकडं. बुबुसी."

झालं! एकदा तो शब्द निघाला की बोलणं संपलं. बुबुसी म्हणजे नात्यातल्या माणसानं तोंड उघडून मागणं. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. कुणी म्हटलंच, तर त्याच्या पोरांच्या लग्नातसुद्धा लोक ते उकरून काढतात.

"ने," ती म्हणाली. वजनं झालीच होती. "पलीकडच्या तळ्यातले ने. भरपूर आहेत."

"छे, ते नकोत. यातले दे."

"का? मासा तो मासा."

"काय सांगतेस! त्या जहाजी खाण्याच्या माशाला ना चव ना ढव. तुझा हा पेंडीवरचा विस्तवावर ठेवला की पोटातून तेल गळतं नुसतं. परवा तर माझी म्हातारी काटेसुद्धा चोखत..."

मामा थांबला. पण उशीर झाला होता.

तेरेसियानं जाळं हळूच खाली ठेवलं. "मामा, या तळ्यातला मासा तू कधी भाजलास?"

मामानं टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"चोरी नाही हं ती," तो म्हणाला. "भाचीचं तळं. जाळी उचलून कधी रविवारी टोपलीभर, कधी पाहुणे आले म्हणून दोन टोपल्या. मागितलं असतं तर तू 'नाही' म्हणणार होतीस का? मग उगाच मागून तुला कशाला अडचणीत टाकायचं?"

तिला असा संताप आला की ओलं जाळं त्याच्या डोक्यात घालावं. आणि त्याच वेळी हसूही फुटत होतं. मेले नव्हते! एकही मेला नव्हता! शेड चार पावलांवर होती. पण तिथं जाऊन काय सांगणार? माझा मामा चोर आहे? परक्या साहेबापुढं आईच्या भावाला चोर म्हणणारी पोरगी या गावात कुठल्या तोंडानं राहणार? आणि गप्प बसावं, तर पेंड मेली.

बायकांनी हातातलं काम थांबवलं होतं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"टाकीतून टोपली भर, मामा," ती म्हणाली. "पाहिजेत तेवढे घे, याच तळ्यातले."

"गुणाची माझी पोर!"

"आता मी मागते. बुबुसी."

मामा मोकळेपणानं हसला. "माग की! काय हवंय? डुक्कर?"

"आत जा आणि आत्ता मला जे सांगितलंस, ते साहेबांना सांग."

मामाचं हसू मावळलं. त्यानं बायकांकडं पाहिलं. त्या खाली बघायला लागल्या.

"डुक्कर ने, बाई," तो हळू आवाजात म्हणाला.

तिनं नकारार्थी मान हलवली.

"बरं, होडी ने. नवी होडी देतो माझी. शिडासकट."

"मी होडी मागितली नाही, मामा."

मग मामानं रिकामी टोपली बांधावर ठेवली, डोक्यावरचं फुलांचं कडं उतरवून टोपलीवर ठेवलं आणि शेडच्या दारात जाऊन उभा राहिला.

साहेबांनी मान वर केली. "काय हवंय, बाबा?"

"हवं काही नाही," मामा म्हणाला. "द्यायला आलोय."