शेवटची लाथ

कॅन्सरची गाठ मणक्यात वाढली, मज्जारज्जू दाबला गेला आणि ऊठसूट बायकोला लाथा घालणाऱ्या नवऱ्याचे पाय लुळे पडले. ऑपरेशननंतर हॉस्पिटलात ती रोज त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची. तो शिव्या हासडायचा, हाताला लागेल ते फेकून मारायचा. आज ती त्याचा गुडघा वाकवत होती, तेवढ्यात त्याने तिच्या तोंडावर लाथ हाणली. ती भिंतीवर आदळली. ओठ फुटला.

फिजिओथेरपिस्ट बाई धावत आल्या. "अहो, पाय हलला यांचा!"

"आता चालतील?"

"आधाराने चालतील हळूहळू. पण ताई, रक्त येतंय तुम्हाला."

"येऊ दे, ही शेवटची," तिने मनगटाने ओठ पुसला. "लुळ्या माणसाला सोडून जायला इतके दिवस माझाच पाय निघत नव्हता."