सकाळचं पहिलं नाव

"दुपारी तीन चाळीसला इंजेक्शन बंद केलं गेलं. कुणी केलं? तुम्ही." मेट्रनबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. नऊ नंबरचा पेशंट कसाबसा वाचला होता. आता प्रश्न सिस्टरच्या नोकरीचा होता.

"अहो, पण मी दोनलाच घरी गेले होते!"

चार दिवस सिस्टर हेच सांगत होती. इतक्यांदा सांगितलं, की आता तिचा तिलाच भरवसा वाटेना. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? गेलो होतो ना आपण घरी? की काही विसरलं म्हणून परत आलो होतो? डोक्याचा पार भुगा झाला होता.

हे रेकॉर्डचं सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी खुर्चीत मांडी घालून बसली होती. तिनं स्वतःच्या नावानं लॉगिन केलं, चाचणीसाठी ठेवलेल्या एका खोट्या पेशंटचं वय बदललं आणि नोंद उघडली. बदल कुणी केला? पुढं सिस्टरचं नाव.

"अगंबाई!" सिस्टर दोन पावलं मागं सरली. "मी हातसुद्धा लावला नाही!"

मुलीनं कपाळावर हात मारला. "सिस्टर, सकाळी सगळ्यात आधी लॉगिन कोण करतं?"

"मीच. सहाच्या ठोक्याला. का गं?"

"सर्व्हर रोज पहाटे नव्यानं सुरू होतो. मग पहिलं जे नाव येतं, तेच दिवसभर धरून बसतो. खरं तर प्रत्येक नोंदीच्या वेळी विचारायला हवं, की बाबा रे, आत्ता कोण आहे? ते मी लिहिलंच नाही. काम कुणीही करो, नाव तुमचंच पडतं. चूक माझी आहे."

"म्हणजे ती मी नव्हते?"

"नव्हता तुम्ही."

"मग कोण होतं?"

"ते आता कुणालाच कळणार नाही."

मेट्रनबाईंनी सिस्टरला द्यायच्या नोटिशीची घडी घालून ती खणात टाकली. सिस्टरला इतकं हायसं वाटलं, की रडूच फुटलं. डोळे पुसता पुसता तिची नजर भिंतीवर गेली. तिथं तिचाच हसरा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरं होती: वर्षभरात सर्वाधिक नोंदी.

"मग हे?" तिनं विचारलं.

मेट्रनबाई उठल्या, फ्रेमकडे हात नेला आणि घुटमळल्या.

"काढा की," सिस्टर म्हणाली. "कुणीही काढा. नाव माझंच पडणार."