तेलाची पट्टी

आबांचा डावा पाय अपघातात गेला, तशी त्यांची पाथर्डीची प्रवासी वडाप जीपही सुटली. म्हणून अंगदनं वडलांसाठी बिनक्लचची जुनी ऑटोमॅटिक कार आणली. “हिच्या गिअरबॉक्सला पातळ लाल तेलच लागतं, नगरहून मागवू,” तेलाचा दुकानदार म्हणाला. पण आबा गाडी चालवायला सकाळपासून इस्त्रीची टोपी घालून बसलेले. अंगद म्हणाला, “ट्रॅक्टर खोलण्यात जन्म गेला माझा. तेल ते तेलच.” त्यानं जुनं तेल काढून ट्रॅक्टरचं घट्ट ओतलं. करंजी घाटात आबा रुबाबात गाडी चालवत होते. निम्म्या चढावर इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी मागं सरकली. अंगदनं बॉनेट उघडून गिअरबॉक्सचं तेल बघायची पट्टी ओढली. त्यानंच ओतलेल्या घट्ट तेलाचा जळका वास आला. “माझ्याच पायानं घोळ घातला व्हय रं?” आबांनी विचारलं. पट्टी पुसत अंगद म्हणाला, “व्हय.” आबांनी टोपी काढून किल्ली पुढं धरली. ती घ्यायला अंगदचा हात उचलेना.