यादीत राहिलेलं नाव

सालेकशाकडच्या एका दवाखान्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलींची यादी मंजू करायची. ती पासवर्डचं कुलूप लावून, एन्क्रिप्ट करून जिल्ह्याला मेल करायचा नियम होता. इंद्रकुमार साहेब त्याच मेलखाली पासवर्डही लिहीत, म्हणजे किल्ली कुलुपालाच बांधलेली. मंजूने त्यांना हटकलं.

"काऊन घाबरून राहिली? आपला मेल वाचते कोण?"

"होणारी सासू वाचते, साहेब. यादीतल्या तिघींची लग्नं मोडली."

साहेब हसले. संतापलेल्या मंजूने पासवर्डच बदलला. मुलगी झाली तर ठेवायचं नाव तिने टाकलं; ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. यादी पाठवून पासवर्ड कळवायला फोन उचलला, तोच जिल्ह्याचं उत्तर आलं.

"यादी उघडली. एक मुलगी राहिली होती, जोडली आहे."

मंजूने पोटावर हात ठेवून फाईल उघडली. शेवटी तेच नाव होतं. वय एकोणीस. शेरा: लग्न मोडलं.