तिप्पट वीज

"मे महिन्यात शाल! यार, त्यापेक्षा कूलर दिला असता," शेजारच्या खुर्चीतला समाधान क्रांतीच्या कानाशी पुटपुटला.

ऑफिसात आज क्रांतीचा सत्कार होता. उड्डाणपुलाची तब्येत सांगणारे छोटे सेन्सर तिनं बसवले होते. त्यांना बॅटरी लागत नव्हती. गाड्यांनी पूल थरथरला की त्या थरथरीतूनच त्यांची वीज तयार व्हायची. वर्षभरात ती वीज तिप्पट झाली, म्हणून मोठे साहेब बेहद्द खूश होते. पुलावरच्या गाड्या मात्र होत्या तेवढ्याच आहेत, हे टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. क्रांतीलाही. पण बोलून वाईटपणा कोण घेणार? तिनं शाल सावरली आणि फोटोसाठी हसली.

तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज आला. "चलो, गुड न्यूज! सिद्धांतची स्कूलबस उद्यापासून रिंग रोड सोडून तुझ्या पुलावरून जाणार. पोराची वीस मिनिटं वाचतील."

क्रांतीनं साहेबांच्या हातातला माइक जवळजवळ हिसकावूनच घेतला.



"सर, पूल खिळखिळा झालाय, म्हणून वीज वाढलीय. आजच्या आज बंद करा."