ऊन न येणारी खोली

"ऊन टाका की खिडकीतून! चित्र आईला पाठवायचंय. तरच ती गावाहून राहायला येईल," म्हणत गिऱ्हाईक अडून बसलं.

संगणकावर खोल्या चितारणारी हेमांगी भडकली. "तुमच्या खिडकीपुढे शेजारच्या बिल्डिंगची भिंत आहे, साहेब. चित्रात ऊन एका क्लिकवर पडेल. पण राहायला आल्यावर आई ऊन शोधत बसल्या, तर काय चित्र दाखवणार?"

"बरं, आहे तसंच दाखवा," तो म्हणाला. तिनं चित्रातला सूर्य बंद केला. पलंगामागे दिवा लपवून उजेड भिंतीवर सोडला. तो खोलीभर सायीसारखा मऊ पसरला.

चित्र आईच्या फोनवर गेलं. लगेच तिचा फोन आला. त्यानं स्पीकर लावला.

"ऊन येत नाही होय रे तिथं?"

"नाही, आई."

"बरं झालं, खरं बोललास. उजेड झकास आहे. माझी खाट त्या भिंतीकडंच लाव."